उकळलेलं अर्थशास्त्र

माझ्या पदवीच्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. ते बरोबर नाही असं मला अजूनही वाटतं. पण विद्यापीठाच्या त्या कागदावर भजनी मंडळाचं नाव लिहायला जागा नव्हती, आणि मी मागितली असती तरी कोणी दिली नसती.

आमचं गाव सिंदीपासून दोन कोसांवर. बाबा हंगामात सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात, एरवी दुसऱ्याच्या वावरात. माय अंगठा उठवायची. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी कॉलेजात नक्की काय करतो हे विचारायची घरी कोणाची हिंमत नव्हती. उन्हाळ्यात बी.ए.चा निकाल लागला आणि मी अर्थशास्त्रात आपटलो. बाकीचे विषय निघाले होते. पोळ्यानंतर पुरवणी परीक्षा होती, त्यात तेवढा एक पेपर सोडवायचा होता.

जवळच्या मोठ्या गावात एका शाळेत मास्तरची जागा होती. शाळेचे सेक्रेटरी भला माणूस. ते म्हणाले, "निकाल लागेपर्यंत जागा धरून ठेवतो. पास झालास तर तुझी. नाही झालास तर माझ्याकडे अर्ज पुष्कळ पडले आहेत." बाबांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात माझ्या ताटात दोनदा तूप पडू लागलं. मला ते गिळवत नसे.

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. होती एक वही. प्राध्यापकांनी वर्षभर सांगितलेल्या नोट्स मी तिच्यात शाईनं, बारीक अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. सगळं अर्थशास्त्र त्या वहीत होतं. माझ्या डोक्यात त्यातलं फार थोडं होतं, हे उन्हाळ्यात सिद्ध झालंच होतं.

आणि नेमकी तेव्हाच डोळ्यांची साथ आली.

एकाहत्तर सालची ही गोष्ट. रेडिओवर रोज बांगलादेशाच्या बातम्या असायच्या, म्हणून शहरातले लोक त्या साथीलाच "जय बांगला" म्हणत. आमच्या गावात नुसतं "डोळे आले" म्हणत, पण असे आले की घरटी सगळ्यांचे आले. डोळे लाल व्हायचे, सुजायचे, सकाळी पापण्या चिकटून बसायच्या. रोग्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपल्यालाही होतं अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे गावातली माणसं एकमेकांच्या पायांशी बोलू लागली. "काय गा, बरं हाये का?" असं खालमानेनं विचारायचं आणि चपला ओळखून उत्तर द्यायचं. काही घरांत सासू-सुनांमध्ये त्या निमित्तानं इतकी शांतता नांदली की साथ आणखी पंधरा दिवस राहावी असं लोकांना वाटे.

दवाखान्याचा कंपाउंडर आठवड्यातून दोनदा सायकलवर यायचा. त्याच्याजवळ बोरिक पावडर होती, थोडेसे थेंब होते आणि छापील सूचनांचा गठ्ठा होता. सूचना वाचणार कोण? ज्यांना वाचता येत होतं त्यांचे डोळे उघडत नव्हते. दवंडी द्यावी तर कोतवालाचेच डोळे आलेले. ढोलकं बडवत तो दोनदा विहिरीच्या ओट्यावर चढला, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला हात धरून घरी नेलं. शेवटी कंपाउंडर भजनी मंडळाच्या बुवांकडे गेला.

बुवा आमच्या गावचे शिंपी. त्यांचे डोळे सगळ्यांत आधी येऊन गेले होते, त्यामुळे आता ते आपल्याला काही होत नाही अशा रुबाबात गावभर सरळ मान करून फिरत. मंडळात दहा-बारा माणसं. बाबा खंजिरी वाजवत. दर गुरुवारी मारुतीच्या देवळात गुडघ्याला गुडघा लावून बसायची मंडळाची रीत. कंपाउंडरनं आधी तीच बंद केली.

"बुवा, असं चिकटून बसाल तर अख्खं मंडळ आंधळ्यासारखं फिरन. दूर दूर राहा. अन् हे कागदावरचं तेवढं गावात गाऊन सांगा."

"दूर राहून भजन होते का कुठी?" बुवा म्हणाले.

"करून तं पाहा."

मग मंडळानं गल्लीच बैठकीसाठी घेतली. ज्याचं त्यानं आपापल्या दारात उभं राहायचं, बुवा चौकात. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी बुवा ओळ उचलत आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून टाळकरी ती झेलत. शेवटच्या घरापर्यंत ओळ पोचायला वेळ लागे. त्यामुळे चौकात तिसरी ओळ चालू असताना गल्लीच्या टोकाला दुसरी असायची. पण ऐकायला गाव यायचंच नव्हतं, ते आधीच घरात होतं. म्हातारे खाटेवरून ऐकत.

एवढ्यावर मंडळ थांबलं नाही. दोघं जण घरोघर बोरिकचं पाणी पोचवू लागले. बुवांनी दुकानात उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या शिवल्या. हिरवं कापड पहिल्याच दिवशी संपलं. मग जे असेल ते. आमच्या गावचे पाटील, भल्या मोठ्या मिशांचे, चार दिवस ओट्यावर बसायचे ते डोळ्यांवर गुलाबी फुलाफुलांची पट्टी बांधून. कोणी हसलं तर त्यांना दिसत नव्हतं, हीच त्यातली सोय.

आता मुख्य घोटाळा सांगतो. कागदावर छापलं होतं की रोग्याचे रुमाल, टॉवेल, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यातून काढावेत. हे चालीत बसेना. बुवांचा हात शिंप्याचा. जास्त झालं की कापायचं, कमी पडलं की जोड द्यायचा. त्यांनी रुमाल कापले, टॉवेल कापले, अभ्रे तर पहिल्यांदाच कापले, आणि गायलं ते असं:

डोळ्याले हात लावू नका हो, लावू नका,
दुसऱ्याचा दुपट्टा घेऊ नका हो, घेऊ नका,
रोग्यानं जे जे हाती धरलं,
ते ते उकळून काढा हो, उकळून काढा.

चाल झकास होती. दुसऱ्या दिवशी गाव उकळायला लागलं. एकीनं नवऱ्याच्या चामडी चपला उकळल्या. किराणा दुकानदारानं वजनं उकळली. न्हाव्यानं वस्तरे उकळले, आणि हे काम फार आधी व्हायला पाहिजे होतं यावर सगळ्यांचं एकमत झालं. एक म्हातारा गुराखी काठी टेकत चौकात आला आणि बुवांना म्हणाला, "बुवा, मी रोज शेळीले हात लावतो. तिले कशी उकळू?"

बुवांनी विचार करून सांगितलं, "तिले नुसती धूय."

अशात माझेही डोळे आले. डोळे आले रविवारी, परीक्षा त्यानंतर आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी. दोन दिवस मी खाटेवर पडून होतो, डोळ्यांवर बोरिकच्या पाण्याची ओली पट्टी, छातीवर वही. डोळे उघडले की वाचू, उघडले की वाचू, असं म्हणत वही हातातून सोडत नव्हतो. मंगळवारी दुपारी झोप लागली. जागा झालो तेव्हा छाती हलकी वाटली आणि चुलीवर काहीतरी खदखदत होतं.

"माय, काय शिजून राह्यलं?"

"तुह्यी वही," माय म्हणाली.

मी उठून बसलो.

"दोन दिवसांपासून हातात धरून हायेस तू ते. बुवानं काय सांगतलं? जे जे हाती धरलं. मी म्हटलं पोराची परीक्षा हाये, या वहीतून पुन्हा लागन त्याले. तीन उकळ्या येऊ देल्या, कडुलिंबाचा पाला टाकला. आता काई भेव नाई."

बोटांनी पापण्या फाकवून मी पाहिलं. मायनं चिमट्यानं वही बाहेर काढली, पानं सोडवली आणि एकेक करून दुसऱ्या खाटेच्या दोऱ्यांवर वाळत घातली. पानं चांगली शाबूत होती. अक्षरं मात्र पातेल्यात उतरली होती. पाणी निळंशार झालं होतं.

माझ्या तोंडाकडे पाहून मायला काहीतरी चुकलं एवढं समजलं. तिनं हळूच विचारलं, "पाणी फेकू नको का मंग?"

ते पातेलं तिनं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. कोण जाणे, काही उपयोग असला तर असो. मी रडलो, पण त्या आठवड्यात कोण रडतंय आणि कोणाचे डोळे आलेत हे ओळखता येत नव्हतं. ते एक बरं झालं.

बाबा घरी आले, त्यांनी एक कोरं पान उचलून पाहिलं आणि परत वाळत घातलं. माय मात्र पदर खोचून बुवांच्या दुकानात गेली. मागे मीही भिंत धरत गेलो.

"तुमच्या भजनानं माह्या पोराची नोकरी खाल्ली!" ती दारातूनच म्हणाली.

बुवांनी मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मग कात्री उचलून बाजूला ठेवली.

"वयनी, रुमाल मीच कापला," ते म्हणाले. मायला याचा काही अर्थ लागला नाही. ते माझ्याकडे वळले. "काऊन रे, तुह्या वर्गात हेच लिहून घेतलेला दुसरा कोणी नाई का?"

होता. सिंदीच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, माझा मित्र. तो उन्हाळ्यातच पास झाला होता. पण सिंदीतही साथ होती आणि त्याच्या आईनं पोराला घरात कोंडून ठेवल्याचं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा, बाबा आणि एक टाळकरी काका सायकली काढून सिंदीला गेले. तिथं काय झालं ते मी बाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की मीही तिथं होतो असंच मला वाटतं.

मित्राच्या आईनं तिघांना दारातच अडवलं. वही द्यायला ती तयार होती, पण परत घ्यायला तयार नव्हती, आणि मित्र वही सोडायला तयार नव्हता. तो खिडकीच्या गजांमागून म्हणाला, "काका, मी लिहून देतो. पण आठ दिवस लागतील."

"आठ दिवस कोणाजवळ हायेत?" बुवा म्हणाले. "अन् लिहाचं काय काम? तू म्हण. आमी धरतो."

बुवांना वाचता यायचं ते अडखळत. पण त्यांना शे-दीडशे भजनं पाठ होती आणि ती सगळी कानानं घेतलेली. एकदा ऐकायचं, दुसऱ्यांदा गुणगुणायचं, तिसऱ्यांदा पक्कं. तेव्हा खिडकीत मित्र, खाली ओट्यावर मंडळ, असं अर्थशास्त्र सुरू झालं. मित्र एक वाक्य वाचायचा. बुवा ते चालीवर घ्यायचे, बाबा ठेका द्यायचे, काका ओळ दुसऱ्यांदा म्हणायचे. येणारे-जाणारे थांबू लागले.

"इतर परिस्थिती कायम असता, किंमत वाढल्यास मागणी घटते," मित्रानं वाचलं.

"हे 'कायम असता' काय हाये?"

"ते प्रत्येक नियमात येतंच, काका."

"प्रत्येकात?" बुवा खूश झाले. "मंग हेच धृपद."

एका नियमावर मात्र गाडी अडली. माणूस एकामागून एक भाकरी खात गेला तर प्रत्येक पुढच्या भाकरीचं समाधान कमी होत जातं, असं वहीत होतं. बाबांनी खंजिरी खाली ठेवली.

"हे लिहिणारानं दिवसभर कापूस वेचला नसन," ते म्हणाले. "चौथी भाकर पहिलीपेक्षा गोड लागते."

"लागू दे," बुवा म्हणाले. "परीक्षेपुरती कमी गोड."

मित्राचे वडील आत गादीवर बसून ऐकत होते. भाव कसा ठरतो हा विषय निघाला तसं त्यांना राहवलं नाही. आतूनच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण गिऱ्हाईक घाईत आहे असं दिसलं की भाव चढवायचा, हे त्यात लिहिलं आहे का?" वडीलधाऱ्या माणसाचं वाक्य टाकायचं कसं? बुवांनी तेही चालीत बसवून घेतलं.

दोन दिवस हे चाललं. गुरुवारी संध्याकाळी तिघं परतले ते माझं अख्खं वर्ष तोंडात घेऊन. तेव्हापासून रविवारपर्यंत आमच्या अंगणात सकाळ-दुपार अर्थशास्त्राचं भजन झालं. मी खाटेवर डोळे मिटून, बुवा आणि काका निंबाखाली, बाबा ओट्यावर.

किंमत वाढे, मागणी घटे, हो मागणी घटे,
किंमत घटे, मागणी वाढे, हो मागणी वाढे,
इतर परिस्थिती कायम असता, कायम असता.

मी भीत भीत एकदा म्हणालो, "बुवा, चाल नसती तरी चाललं असतं."

"तुह्याजवळ बिनाचालीचं होतं ना वर्षभर? काय उजेड पडला?"

मी पुढची ओळ म्हणायला घेतली. आणि खरं सांगायचं तर वर्षभरात जे डोक्यात शिरलं नव्हतं ते चार दिवसांत शिरलं. शेजारच्या घरांतही शिरलं. रविवारी दूधवाल्याला मायनं विचारलं, "उद्या लवकर येशीन का?" तर तो म्हणाला, "येतो ना, इतर परिस्थिती कायम असता."

सोमवारी वर्ध्याला परीक्षेच्या हॉलमध्ये गेलो. माझे डोळे उघडत होते, पण लालच होते. तिथं बहुतेकांचे लाल होते. निम्मे विद्यार्थी काळे चष्मे लावून बसलेले, आणि देखरेख करणारे सरही काळ्या चष्म्यात. कोण कोणाच्या पेपरात पाहतोय हे सरांना कळेना आणि सर कोणाकडे पाहताहेत हे आम्हाला कळेना. त्यामुळे सगळे प्रामाणिक राहिले.

मागणीचा नियम आला होता. भाकरीचा आला होता. भाव कसा ठरतो हेही आलं होतं. मी मनात मंडळाला हात जोडले आणि लिहायला लागलो. पहिलं पान झाल्यावर वाचून पाहिलं. प्रत्येक वाक्य मी दोनदा लिहिलं होतं. एकदा बुवांचं, एकदा काकांचं. आणि दर दोन ओळींनंतर इतर परिस्थिती कायम होती.

खोडायला गेलो तर चाल तुटली आणि पुढचं आठवेना. मधूनच कोणती ओळ उचलताही येईना. सातवं कडवं पाहिजे असेल तर पहिल्यापासून यावं लागे, तेही बुवांच्याच लयीत. बुवा कधी घाई करत नसत. पहिल्या प्रश्नातच तास गेला. माझा पाय बाकाखाली ठेका धरत होता. सर जवळ आले.

"ओठ का हलवता?"

"आठवतो आहे, सर."

"मग पाय?"

"तोही आठवतो आहे, सर."

 चष्म्याखालचं पाणी पुसत ते लांब निघून गेले. मी ठरवलं की आता दुसऱ्यांदा आलेली ओळ मनात म्हणायची, कागदावर आणायची नाही. तसा थोडा वेग आला. तरी भाव कसा ठरतो या उत्तराच्या शेवटी घाईत असलेलं गिऱ्हाईक येऊन बसलंच. प्राध्यापकांनी ते सांगितलं होतं की मित्राच्या वडिलांनी, हे चालीवरून ओळखता येत नव्हतं. एक प्रश्न सुटायचा राहिला. त्याचं धृपद तेवढं लिहिलं आणि घंटा झाली.

घरी आल्यावर अंगणात मंडळ वाट पाहत होतं.

"काही सुटलं का?" बुवांनी विचारलं.

"एक प्रश्न."

"कोणता?"

मी सांगितला. बुवांनी तिथल्या तिथे तो प्रश्न पूर्ण गाऊन दाखवला. काकांनी ओळी दुसऱ्यांदा म्हटल्या. माझ्याच्यानं ऐकवेना.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. साथ ओसरली, लोक पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, मंडळ देवळात बसू लागलं. मी मात्र गावात खालमानेनंच फिरत होतो. नापास झालो तर मला तोंड दाखवायला एक घर नव्हतं. सगळ्या गावानं माझा अभ्यास केला होता.

निकालाचा पेपर बाबांनी सिंदीच्या स्टेशनवरून आणला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सायकलवरून येताना त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. सरळ दुकानात नेऊन बुवांच्या मशीनवर ठेवला आणि मला हाक मारली. आकड्यांच्या रांगांवरून बुवांचं बोट सरकत गेलं. वरचे दोन वर्ग संपले, त्यांत मी नव्हतो. तिसऱ्या वर्गाच्या शेवटून चौथ्या ओळीत माझा नंबर होता. मी तो स्वतः तीनदा ताडून पाहिला.

बाबा उंबऱ्यावर बसले. "झाला?" त्यांनी विचारलं.

"झालो, बाबा."

त्यांनी दुपट्टा तोंडावर घेतला. साथ संपून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे आता हे लपण्यासारखं नव्हतं. मायनं दारोदार साखर वाटायला घेतली. काका टाळ आणायला धावले. एकटे बुवा तसेच बसून होते, पेपरावर बोट ठेवून.

"तिसरा वर्ग?" ते म्हणाले. "काऊन? आपण तं एकही ओळ सोडली नाई."

"बुवा, तिसरा पुरतो. जागा मिळाली मला."

"तुले मिळाली. मंडळाचं काय? तपासणाराले सूर समजत नसन तं त्यानं पेपर घ्याचा काऊन?"

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, पण समाधान झालं नव्हतं ते नव्हतंच. मग त्यांनी गळ्यातली फीत काढली, मला उजेडाकडे वळवून उभं केलं आणि छातीचं माप घ्यायला लागले.

"मास्तरचा सदरा शिवतो. उद्या घेऊन जाजो." फीत खांद्यावर आली. "अन् तिथं कोणी वर्ग विचारला तं सांगू नको. नुसतं म्हणजो, बी.ए. हाये. आता सरळ उभा राह्य."

मी सरळ उभा राहिलो.